टेकवायचं की अधांतरी

कामाला लागून जेमतेम महिना झाला होता, तेव्हा एका वाक्यामुळं अख्खं डिपार्टमेंट मला हसलं. वाक्य असं होतं: ‘सर, बेअरिंग इज इन द शाफ्ट.’

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सळया बनवायचा कारखाना. मालकांनी इटलीहून नवी मशिनरी मागवली होती आणि ती उभी करून द्यायला तिकडचा एक इंजिनिअर येऊन राहिला होता. साठीच्या आसपासचा, पांढऱ्या भुवयांचा, कमी बोलणारा माणूस. सगळे त्यांना नुसतंच साहेब म्हणायचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून नव्यानं लागलेली, आणि त्या शेडमध्ये बाई अशी मी एकटीच. त्या सकाळी साहेबांनी विचारलं, नवीन बेअरिंग कुठंय? ते लोखंडी कडं आम्ही आदल्याच दिवशी शाफ्टच्या दांड्यावर चढवलं होतं. बोटात अंगठी बसते तसं घट्ट बसलं होतं. म्हणून माझ्या तोंडातून निघालं, इन द शाफ्ट.

शाफ्ट पोकळ होता. साहेब गुडघ्यावर बसले, खिशातून टॉर्च काढला आणि शाफ्टच्या तोंडाला डोळा लावून आत बघायला लागले. बेअरिंग त्यांच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतं.

मागं उभे असलेले सगळे हसले. वेल्डर हसले, हेल्पर हसले, मॅनेजर तर डोळे पुसून पुसून हसले. साहेब मात्र हसले नाहीत. ते उठले, गुडघ्याचं ग्रीस फडक्यानं पुसलं, बेअरिंगवर बोट ठेवून ‘ऑन’ एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

मॅनेजरनी मला बाजूला घेतलं. ‘ड्रॉइंग तुला चांगलं कळतं, ते बघत जा. साहेबांशी बोलायचं काम तुझं नाही. तेवढ्यासाठी तो आहे.’

तो म्हणजे संभाजीनगरहून आलेला, माझ्याच वयाचा इंजिनिअर. पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकलेला. त्याचं इंग्रजी नळाच्या पाण्यासारखं सुरू व्हायचं आणि हवं तेव्हा बंद व्हायचं. मुलगा वाईट नव्हता. त्या सकाळीही तो हसला नव्हता, नुसता दुसरीकडं बघत राहिला होता.

मला शरम वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधल्या मावशींनी माझ्याकडं बघून आवाज मऊ केला, पाण्याचा ग्लास स्वतः आणून ठेवला. मी रडेन असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्याकडून ठेचा मागून घेतला आणि दोन भाकरी खाल्ल्या.

मी भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादची. घरची शेती, मोसंबीची बाग. दहावीपर्यंत मराठी शाळा. इन, ऑन आणि ॲट आम्हाला फक्त गाळलेल्या जागांमध्ये भेटायचे. जागा बरोबर भरली की मार्क मिळायचा, चुकली की जायचा, आणि पुढच्या प्रश्नाला सुरुवात व्हायची. आपल्या तोंडून निघालेल्या एका ‘इन’वर भरवसा ठेवून कुणी जमिनीवर गुडघे टेकील, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. पॉलिटेक्निकला गेल्यावर पुस्तकं इंग्रजीत आली, पण परीक्षेत आकृती काढली की निभायचं. आकृतीत बेअरिंग जिथं असतं तिथंच दिसतं. तिथं शब्द लागत नाही.

जालन्यात मी मस्तगडला एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत राहत होते. मालकीण मारवाडी बाई, सगळी गल्ली त्यांना भाभी म्हणायची, म्हणून मीही. त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन इथं इतकी वर्षं झाली होती की भाभींचं मराठी माझ्यापेक्षा जास्त जालन्याचं होतं. मुलींच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलेलं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, ‘भाभी, मला इन, ऑन, ॲट शिकवा.’

‘आज अचानक काय झालं?’

मी सांगितलं. शाफ्टचं, टॉर्चचं, हसण्याचं. भाभींनी ऐकून घेतलं. त्यांच्या हातात निवडायची मेथी होती.

‘माझ्या बोटाकडं बघ. अंगठी कुठंय?’

‘इन युअर फिंगर.’

‘बोट कापून आत घातली का मी?’

‘भाभी, मराठीत बोटातच म्हणतात,’ मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. ‘बोटात अंगठी, नाकात नथ, पायात चप्पल. अख्खा महाराष्ट्र चुकीचं बोलतो का?’

‘बिलकुल चुकीचं न्हाई. आमच्यात बी तसंच म्हणतात.’ त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. ‘पण तू त्या माणसाशी मराठीत बोलली न्हाईस. इंग्रजीत बोलायचं तर इंग्रजीच्या डोळ्यानं बघावं लागतं. अंगठी कातडीला बाहेरून चिकटून आहे, मंग ऑन. चप्पल बी ऑन. केसातलं फूल? त्याच्या चारी बाजूंनी केस आहेत, मंग इन. रट्टा मारू नको. डोळे मिटून वस्तू समोर आण, आणि मंग बोल.’

त्या दिवसापासून रोज जेवणाआधी मी त्यांच्याकडं बसायला लागले. भाभी गोड बोलून शिकवणाऱ्यातल्या नव्हत्या. चुकलं की ‘गलत’ म्हणायच्या, कारण सांगायच्या, आणि पुन्हा चुकलं की पुन्हा ‘गलत’ म्हणायच्या, पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे. मला तेच आवडायचं. माझी चूक ही त्यांच्यासाठी फक्त चूक होती, माझ्या गावाची, माझ्या शाळेची, माझ्या आईबापांची चौकशी नव्हती.

ॲट मला सगळ्यात जड गेला. स्टँडवर, दारात, घरी, मंदिरापाशी, बँकेत, या सगळ्याला तो एकटाच कसा पुरतो? भाभी म्हणाल्या, ‘कुणी फोनवर विचारलं कुठंयस, तर तू म्हणतेस स्टँडवर. स्टँडच्या छतावर चढून बसलीस का आत बाकड्यावर बसलीस, त्याला घेणंदेणं न्हाई. नकाशावर ठिपका दे, बस. तो ठिपका म्हणजे ॲट.’

आणि मग आला ‘वर’. हा माझा हक्काचा शब्द. चिमणी तारेवर बसते, पंखा डोक्यावर फिरतो, विमान गावावरून जातं, आमचं सगळं एका ‘वर’मध्ये भागतं. इंग्रजीत तसं चालत नव्हतं. टेकलेलं असलं तर ऑन. मधे हवा असली तर अबव्ह किंवा ओव्हर. भाभींनी हाताचा पंजा आधी पाटावर टेकवला, मग उचलून अधांतरी धरला. ‘दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बेटा. तुमच्या मराठीला फरक कळतो, पण ती बोलून दाखवत न्हाई. समोरच्यानं समजून घ्यावं असं तिला वाटतं.’

कारखान्यात मी काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. बोलू नको म्हणून सांगितलं होतं ना, मग बोलायचंच. कामाच्या वेळी नाही, चहाच्या वेळी. साहेब शेडच्या दाराजवळच्या बाकावर एकटेच बसायचे. मी माझा कप घेऊन तिथं जायला लागले. पहिल्या दिवशी विचारलं, ‘सर, युअर हाऊस इज ॲट विच प्लेस?’ वाक्य वेडंवाकडं होतं. मी ते मोठ्यानं म्हणाले, मॅनेजरच्या केबिनपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. हसायचं त्यांनी हसून घ्यावं, एकदाच काय रोज हसावं. रोज हसायला माणसाला कंटाळा येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसंच झालं. आठवडाभरात कुणी मान वर करून बघेना.

आणि त्या बाकावर मला एक गोष्ट कळली, जी अख्ख्या कारखान्यात कुणाच्या लक्षात आली नव्हती. साहेबांचं इंग्रजीही चुकत होतं.

‘नेक्स्ट मंथ आय गो इन इटली,’ ते म्हणायचे. भाभींनी हे ऐकलं असतं तर लगेच ‘गलत’ म्हणाल्या असत्या. एकदा दुपारी ऊन फार होतं, साहेबांनी वर बघून वैतागून म्हटलं, ‘द फॅन ऑन माय हेड इज टू स्लो.’ माझ्या हातातला चहा हिंदकळला. डोक्यावरचा पंखा! हुबेहूब माझंच वाक्य. भाभींच्या समोर मी म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मंग डोकं फुटलं असेल की.

पण मॅनेजर तिथंच उभे होते आणि ते हसले नाहीत. ‘येस सर, येस सर,’ म्हणत त्यांनी तडक इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तासाभरात पंखा बदलला.

त्या दिवशी फार वेळ ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. एकच चूक. त्यांच्या तोंडी आली की पंखा बदलतो, माझ्या तोंडी आली की माझं बोलणं बंद होतं. रविवारी गावी गेले तेव्हा बागेत बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं. ते मोसंबीच्या आळ्यातलं तण काढत होते.

‘मंग सध्या काय करून राह्यली तू?’

‘त्यांच्याशी बोलून राह्यले. चुकत चुकत.’

‘त्याला बी न्हाई येत बराबर?’

‘त्यांना बी न्हाई.’

‘मंग झालं की. दोघं बी पावण्याच्या घरात बसल्यासारखे हाव. त्यानं पाय पसरले तर तू कशाला आखडून बसती?’ असं म्हणून ते पुढच्या झाडाकडं सरकले. बापूंनी विषय तिथं संपवला, आणि माझ्यापुरता तो तिथंच संपला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गिअरबॉक्स बसवायचा दिवस आला. छोट्या टेम्पोएवढं ते धूड क्रेननं उचलून लोखंडी बेसवर ठेवायचं होतं. क्रेनचा ड्रायव्हर उंच केबिनमध्ये, त्याला खालचं सगळं दिसत नाही. तो वॉकीटॉकीवर ऐकेल तसं करतो. साहेब इंग्रजीत सांगणार, संभाजीनगरचा इंजिनिअर ते मराठीत वॉकीटॉकीवर सांगणार, असं ठरलं होतं. मी ड्रॉइंग घेऊन जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं उभी. तिथंच उभं राहायचं, असं मॅनेजरनी बजावलं होतं.

गिअरबॉक्स बेसच्या वर आला. टेकवण्याआधी बेस शेवटचा एकदा पुसून घ्यायचा होता, म्हणून साहेबांनी फिटरना फडकं दाखवून खूण केली. फिटर भोकरदनकडचे, बापूंच्या वयाचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका वाकले, लटकत्या गिअरबॉक्सखाली हात घातला आणि बेस पुसायला लागले. साहेबांनी छातीच्या उंचीवर पंजा आडवा धरला, म्हणाले, ‘स्लोली. ऑन द बेस, अँड स्टॉप,’ आणि पलीकडच्या बाजूचे बोल्ट बघायला वळसा घालून गेले. तिथून त्यांना काका दिसत नव्हते.

‘हळूहळू बेसवर ठेवा आणि थांबा,’ वॉकीटॉकीवर निरोप गेला.

भाषांतर बरोबर होतं. इंग्रजी चांगलं येणारा कुणीही तेच सांगेल. पण माझ्या डोळ्यांसमोर साहेबांचा तो आडवा, हवेत थांबलेला पंजा होता, आणि कानात ‘द फॅन ऑन माय हेड’. त्यांना टेकवायचं नव्हतं. त्यांना अधांतरी थांबवायचं होतं. त्यांच्या ‘ऑन’मध्ये हवा होती.

मी ड्रॉइंग टाकून पट्टा ओलांडला, दोन्ही हात डोक्यावर जोरजोरात हलवले आणि ओरडले, ‘थांबा! ठेवू नका! थांबा!’

क्रेन थांबली. गिअरबॉक्स जरासा झुलला. काकांचा हात आणि ते लोखंड यांच्यात चार बोटं जागा राहिली असेल. काकांनी हात बाहेर ओढला, फडकं आतच राहिलं. ते मटकन खाली बसले आणि आपला पंजा उलटापालटा करून बघत राहिले.

साहेब पलीकडून धावत आले. त्यांनी काकांकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. ‘नो टच, नो टच,’ असं काहीतरी ते पुटपुटत होते. तोवर मॅनेजर जिना उतरून आले होते, आणि त्यांनी पाहिलं ते एवढंच की काम बंद पडलंय आणि मी पट्ट्याच्या आत उभी आहे.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. संभाजीनगरचा इंजिनिअर आधीच तिथं उभा होता, पांढराफटक.

‘साहेबांनी सांगितलं, यानं बरोबर सांगितलं. तू कोण मधे ओरडणारी?’

‘सर, काकांचा हात आत होता.’

‘ते बघायला सुपरवायझर आहे. तुला पट्टा ओलांडू नको म्हणून सांगितलं होतं.’

‘थांबायचा इशारा कुणीही द्यायचा, असं तुमच्याच बोर्डावर लिहिलंय.’

‘उलट उत्तर देऊ नकोस. सगळ्यांसमोर याला खोटं पाडलंस. याची माफी माग आणि उद्यापासून ऑफिसमध्ये बसून काम कर.’

‘ऑफिसमध्ये बसवायचं तर बसवा, सर. माफी मी मागणार नाही. यांचंही काही चुकलं नाही आणि माझंही नाही.’

तो मुलगा माझ्याकडं बघत राहिला. मी दार लोटून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात, एसीत, टेबलापाशी. गिअरबॉक्स आदल्या दिवशी बाजूला उतरवून ठेवला होता, तो आज पुन्हा उचलायचा होता. अकराच्या सुमाराला दार उघडलं आणि साहेब दोन कागदी कप घेऊन आत आले. एक माझ्यापुढं ठेवला. मग त्यांनी आपला पंजा टेबलावर टेकवला. ‘सोप्रा,’ म्हणाले. पंजा उचलून टेबलाच्या वर हवेत धरला. ‘सोप्रा.’ आणि खांदे उडवले. त्यांच्या भाषेत दोन्हीला तोच एक शब्द चालतो, हे मला सांगायला त्यांना इंग्रजीची गरज पडली नाही.

मी माझा पंजा टेबलावर टेकवला. ‘वर.’ उचलून धरला. ‘वर.’

ते हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग गंभीर होऊन म्हणाले, ‘यू अंडरस्टँड माय बॅड इंग्लिश. ही अंडरस्टँड ओन्ली गुड इंग्लिश.’

चहा संपायच्या आत खालून गलका ऐकू आला. मी खिडकीशी गेले. क्रेन गिअरबॉक्स घेऊन तयार होती आणि काका बेसपासून दूर, हाताची घडी घालून उभे होते. मॅनेजर त्यांना काहीतरी सांगत होते. काच सरकवली तेव्हा काकांचा आवाज वर आला.

‘मी कामाला न्हाई म्हणत न्हाई, साहेब. पण त्या मॅडम इथं उभ्या राहतील, तरच मी हात घालतो.’

‘अहो, तिचा काय संबंध? तिला तर इंग्रजी येत नाही बरोबर.’

‘मला बी येत न्हाई. पण काल माझा हात कोणी वाचवला ते मला बराबर माहिती हाय.’

मॅनेजरनी दुसऱ्या फिटरला हाक मारली. तो जागचा हलला नाही. हेल्परही हलले नाहीत. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी वाद घातला नाही. सगळे नुसते उभे राहिले. क्रेनच्या केबिनमधून ड्रायव्हरनं वाकून बघितलं आणि क्रेन बंद केली.

मला बोलावणं आलं तेव्हा मी लगेच उठले नाही. आधी चहा संपवला. खाली गेल्यावर मॅनेजर माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘उभी राहा इथं.’

‘उभी राहते, सर. पण पट्ट्याच्या आत. आणि प्रत्येक वेळी क्रेन हलायच्या आधी साहेबांना मी विचारणार, मगच निरोप वर जाणार.’

‘काय विचारणार?’

‘टच ऑर नो टच.’

मागं कुणीतरी हसलं. या वेळी तो हसण्याचा आवाज वेगळा होता. मॅनेजरनी घड्याळ बघितलं, क्रेनकडं बघितलं आणि हात झटकून बाजूला झाले.

तसंच केलं आम्ही. साहेब सांगायचे, मी विचारायची, ‘टच ऑर नो टच?’, ते पंजा दाखवून उत्तर द्यायचे, मी संभाजीनगरच्या इंजिनिअरकडं वळून म्हणायची, ‘अधांतरी’ किंवा ‘टेकवा’, आणि तो वॉकीटॉकीवर सांगायचा. काकांनी आत हात घातला, बेस पुसला, हात काढून मला दाखवला. मग टेकवा म्हटलं. गिअरबॉक्स बसला. बोल्टांची भोकं बरोबर जुळली.

संध्याकाळी गेटपाशी तो मुलगा गाडी घेऊन थांबला होता. म्हणाला, ‘मी रात्रभर तेच आठवत होतो. मी चुकीचं सांगितलं नव्हतं.’

‘नव्हतंच सांगितलं.’

‘मग तुला कसं कळलं?’

‘कारण मीही तशीच चुकते.’

त्यानं विचारलं, ‘उद्यापासून चहाला त्या बाकावर मी आलो तर चालेल का?’ मी म्हटलं, बाक काय माझ्या बापाचा नाही. तेव्हापासून आम्ही तिघं बसायला लागलो.

मशिनरी सुरू झाली, पहिली सळी लाल होऊन बाहेर आली, आणि साहेब गेले. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. काकांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नवी मशीन आता मी चालवत होते. पुढं महिन्याभरानं दिल्लीहून काही पाहुणे कारखाना बघायला आले. मोठे ग्राहक होते, मालक स्वतः सोबत. माहिती सांगायचं काम अर्थात संभाजीनगरच्या इंजिनिअरकडं होतं. नवीन मशीनपाशी आल्यावर पाहुण्यांनी विचारलं, ही कोण चालवतं? तो बाजूला झाला आणि माझ्याकडं हात करून म्हणाला, ‘शी डझ. शी विल एक्सप्लेन.’ मॅनेजरची भुवई वर गेली, पण पाहुण्यांसमोर ते काय बोलणार?

मी सुरुवात केली. गिअरबॉक्स कुठं, मोटर कुठं, सळी कुठून येते, कुठं जाते. बोलता बोलता म्हणाले, ‘इन द लेफ्ट साइड, यू कॅन सी द कूलिंग बेड.’

पाहुण्यांतल्या एका तरुण बाईनं मधेच थांबवलं. गोड आवाज, गोड हसू. ‘ऑन,’ ती म्हणाली. ‘ऑन द लेफ्ट.’ बाकीचे दोघं-तिघं ओठांतल्या ओठांत हसले. मॅनेजर बुटांकडं बघायला लागले.

ती बरोबर होती. त्यात वाद नव्हता. भाभींनी हेच म्हटलं असतं, फक्त त्या हसल्या नसत्या.

‘थँक यू, मॅडम,’ मी तितक्याच मोठ्यानं म्हणाले. ‘ऑन द लेफ्ट.’ मी थांबले नाही, आवाज उतरवला नाही, मान खाली घातली नाही. पुढचं वाक्य सुरू केलं, त्यात बहुतेक आणखी एक चूक झाली असावी, कारण तिचे ओठ पुन्हा हलले. मी तिच्या ओठांकडं बघणं सोडून मालकांकडं बघितलं. त्यांना इंग्रजीपेक्षा सळ्यांमध्ये रस होता. त्यांनी मधेच हिंदीत विचारलं, पाणी बंद पडलं तर काय होतं? मी हिंदीत सांगितलं, मग पाहुण्यांसाठी इंग्रजीत. मग त्या बाईनंच मला एक खरा प्रश्न विचारला, सळीच्या तापमानाचा, आणि उत्तर ऐकताना ती हसायची विसरली.

‘चला,’ मी म्हणाले, ‘कंट्रोल रूम दाखवते.’ आणि जिन्याकडं निघाले. चपला-बुटांचा आवाज माझ्यामागं आला.